वर्गातले पाचवे अक्षर

पडसे झालेल्या माणसाबद्दल आपण सहज म्हणतो, की तो नाकात बोलतो आहे. घरात म्हणतो, कचेरीत म्हणतो, दूरध्वनीवर पलीकडचा आवाज जड लागला तरी म्हणतो. वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. एरवी आपण सर्वच जण दिवसभर थोडे थोडे नाकात बोलत असतो. पडसे झालेल्या माणसाला तेवढे जमत नाही, आणि म्हणूनच त्याचे बोलणे आपल्या कानाला वेगळे लागते. बोलण्यातून नाक वजा झाले की ते नाकात बोलल्यासारखे वाटते, ही आपल्या कानाची एक गंमत आहे. तिच्याविषयी, आणि तिच्या आडून आमच्या घरातल्या एका गोष्टीविषयी, मला थोडे लिहायचे आहे.

तोंडाच्या छतावरून जिभेचे टोक मागे मागे नेले, तर कठीण भाग संपून मऊ भाग सुरू होतो. त्याच्या शेवटी पडजीभ लोंबत असते. टाळूचा हा मऊ भाग हलता आहे. तो वर उचलला जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकला, की नाकाकडची वाट बंद होते आणि फुप्फुसांतून आलेली हवा तोंडावाटे बाहेर पडते. तो खाली सोडला, की नाकाची वाट मोकळी होते. बोलताना ही उघडझाप सतत चालू असते आणि आपल्याला तिची जाणीवही नसते. हे वाचताना आपण स्वयंपाकघराजवळ असाल, तर स्टीलचा एक थंड चमचा घ्या. तो वरच्या ओठाला टेकवून नाकपुड्यांखाली आडवा धरा आणि 'पाटी', 'कपाट', 'ताक' हे शब्द म्हणा. शब्द उच्चारून झाल्यावर लगेच श्वास सोडू नका; आधी चमचा बाजूला घेऊन पाहा. तो कोरडा असेल. आता 'मामी' म्हणा, 'नाणे' म्हणा. चमच्यावर वाफेचा पुसट ठिपका दिसेल. 'म'च्या वेळी ओठ मिटलेले होते, तरी हवा बाहेर आली. ती कोठून आली, हे त्या ठिपक्याने सांगितले.

आपल्या वर्णमालेची मांडणी ज्यांनी केली, त्यांच्याजवळ चमचा नसेल, पण कान मात्र विलक्षण असले पाहिजेत. प, फ, ब, भ, म हे पाचही वर्ण ओठांवर घडतात, म्हणून ते एका ओळीत. त, थ, द, ध, न हे दातांपाशी घडतात, म्हणून ते दुसऱ्या ओळीत. अशा पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अनुनासिक : ङ, ञ, ण, न, म. मुख आणि नासिका या दोहोंच्या साहाय्याने जो उच्चारला जातो तो अनुनासिक, अशी व्याख्या पाणिनीने अष्टाध्यायीच्या आरंभीच करून ठेवली आहे. शाळेत आपण ही पाटी घोकतो, तेव्हा ती केवळ क्रम लक्षात ठेवण्याची सोय वाटते. ती सोय नाही. तो मुखाचा नकाशा आहे. आणि हा नकाशा किती अचूक आहे, हे पाहायचे असेल तर पडशासारखे दुसरे साधन नाही.

'ब' आणि 'म' यांत फरक कोणता? दोन्हींच्या वेळी ओठ मिटतात. दोन्हींच्या वेळी गळ्यातल्या स्वरतंत्री कंप पावतात; कंठावर बोट ठेवले तर तो कंप जाणवतो. फरक एवढाच, की 'म'च्या वेळी नाकाचे दार उघडे असते आणि 'ब'च्या वेळी ते बंद असते. आता नाकच चोंदले तर? दार उघडूनही पलीकडे वाट नाही. मग 'म' आपल्या शेजारच्या 'ब'च्या घरात जातो. तो 'प'च्या घरात जात नाही, कारण कंप तर चालूच आहे. 'भ'च्या घरात जात नाही, कारण महाप्राणाचा हकार त्यात नाही. तो बरोबर तिसऱ्या घरातच जातो. 'न'चा 'द' होतो, 'ण'चा 'ड' होतो. वर्णमालेचा पाचवा स्तंभ उचलून तिसऱ्यावर ठेवावा, तसे हे घडते. अगदी काटेकोर बोलायचे, तर पडशातला 'म' हा पुरता 'ब' नसतो. नाक पुढून बंद असले तरी आतली पोकळी थोडी घुमते, आणि तो घुमारा त्या वर्णाला चिकटून राहतो. पण ऐकणाऱ्याच्या कानाला 'ब' जवळचा वाटतो, आणि लिहिणाऱ्याजवळ तर त्याहून जवळचे अक्षर नसतेच.

यातून जे शब्द तयार होतात, त्यांची यादी करण्याचा मोह मला दर हिवाळ्यात होतो. मामा 'बाबा' होतात आणि नाना 'दादा' होतात. म्हणजे एका पडशात नातेवाइकांची अदलाबदल होते. मान 'बाद' होते, नात 'दात' होते, माप 'बाप' होते. आंब्यातला अनुस्वार पुढच्या 'ब'त विरघळून 'आब्बा' उरतो. माझे गाव येवला. जानेवारीच्या थंडीत तिथल्या बसस्थानकावर गाड्यांची नावे पुकारणाऱ्याला एकदा असे सणसणीत पडसे झाले होते. दक्षिणेला आणि पूर्वेला जाणाऱ्यांचे काहीच बिघडले नाही, कारण कोपरगाव, शिर्डी आणि वैजापूर या नावांत अनुनासिक एकही नाही. उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या प्रवाशांवर मात्र अवकळा आली. निफाडचे 'दिफाड' झाले, नाशिकचे 'दाशिक' झाले, आणि मनमाड तर 'बदबाड' होऊन बसले. तरीही कोणाची गाडी चुकली नाही. ऐकणारा अर्धे कानाने ऐकतो आणि अर्धे त्याला आधीच ठाऊक असते, म्हणून भाषा एवढा मार सोसू शकते.

दुखण्याच्या शब्दांतही एक योगायोग आहे. सर्दी, पडसे, खोकला, ताप, घसा, डोके यांपैकी एकाही शब्दात अनुनासिक नाही. ज्याला सर्दी झाली आहे, त्याला आपले दुखणे स्वच्छ सांगता येते. मात्र ते जिथे झाले त्या 'नाक' या शब्दाचा तो 'दाक' करतो. आणि औषधे मागताना तर तो अडलाच : सुंठ, मिरे, लवंग, मध, निलगिरी, एकालाही नाकावाचून गती नाही.

मराठीच्या स्वभावाचे एक खास दर्शन याच काळात घडते. 'म्ह' आणि 'न्ह' हे हकारयुक्त अनुनासिक मराठीत शब्दाच्या आरंभीसुद्धा येतात. त्यांचे काय होते? त्यांच्यात हकार आहे, म्हणून ते तिसऱ्या नव्हे तर चौथ्या घरात जातात. म्हातारा 'भातारा' होतो, न्हावी 'धावी' होतो, आणि म्हैस 'भैस' होते. हिंदीतली 'भैंस' आणि मराठीतली 'म्हैस' या दोघीही संस्कृत 'महिषी'च्याच लेकी आहेत. हिंदी भाषकांना शतकानुशतके पडसे झाले होते, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. परंतु भाषेच्या इतिहासात जे बदल पिढ्यान्पिढ्या घडतात, त्यांच्या वाटा मुखाच्या घडणीतच आखलेल्या असतात, एवढे यावरून दिसते. खुद्द मराठीनेही नाकाचे काम पुष्कळ कमी केले आहे. 'नाम' या शब्दातल्या 'म'चा 'व' झाला आणि नाकातला सूर मागच्या स्वरावर जाऊन बसला. म्हणून आपले आजोबा 'नांव' असे डोक्यावर बिंदू देऊन लिहीत. पुढे तो सूरही बोलण्यातून विरला. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले आणि न उच्चारले जाणारे बिंदू कागदावरूनही उतरले. कोकणात आणि गोव्यात ते स्वर अजून नाकात घुमतात. देशावरच्या माणसाला तो घुमारा परका वाटतो, तो त्यामुळेच.

पडशाचा परिणाम नाकापाशी थांबत नाही. ज्या विषाणूंमुळे ते होते, त्यांचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. त्यांतल्या सर्वांत मोठ्या गटाचे नाव राइनोव्हायरस, आणि त्यातला 'राइनो' हा नाकाचाच ग्रीक शब्द आहे. नाकाचे आतले अस्तर सुजते; श्वासाची वाट अरुंद होते ती केवळ शेंबडामुळे नव्हे, तर या सुजेमुळे. सूज खाली उतरली, की स्वरतंत्री जाड होतात. पुरुषाच्या स्वरतंत्री बोलताना सेकंदाला साधारण १०० ते १२५ वेळा कंप पावतात, स्त्रीच्या २०० च्या आसपास. जाड झालेली तार सावकाश आणि वेडीवाकडी हलते, म्हणून आवाज खाली जातो, फाटतो, मधूनच नाहीसा होतो. त्याला आपण आवाज 'बसला' म्हणतो. थकून बसावे तसा तो बसतो, हा शब्द मला फार नेमका वाटतो. घशातून कानाकडे जाणारी बारीक नळी तुंबली, की कानात दडे बसतात आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमू लागतो. बोलणाऱ्याला वाटते आपण मोठ्याने बोलतो आहोत, म्हणून तो आणखी हळू बोलतो, समोरचा 'काय?' म्हणून विचारतो. शिवाय श्वास तोंडानेच घ्यायचा आणि बोलायचेही तोंडानेच, त्यामुळे वाक्य मध्येच तुटते. लांबलचक वाक्यांचा माणूस आठ दिवस दोन-तीन शब्दांवर येतो. काही वक्त्यांच्या बाबतीत हे श्रोत्यांच्या हिताचेच असते.

पण या आठ दिवसांत सगळे जग किती मायेने वागते! दूरध्वनीवर पहिला शब्द ऐकताच पलीकडचा माणूस विचारतो, "आवाज का असा येतोय? बरं नाही का?" शेजारीण गवती चहा पाठवते. कचेरीतला साहेब म्हणतो, घरी जा, वाफ घ्या. बिघडलेल्या बोलण्याकडे पाहून लोक थांबतात, पुढे वाकतात, पुन्हा विचारतात. कारण त्यांना ठाऊक असते, की हे बोलणे या माणसाचे नव्हे. याचे खरे बोलणे आठ दिवसांत परत येईल. ज्याचे बोलणे आठ दिवसांत परत यायचे नसते, त्याच्या वाट्याला काय येते?

त्याच्या वाट्याला 'गेंगाणा' हा शब्द येतो. मराठीत या एका शब्दाखाली दोन परस्परविरुद्ध गोष्टी कोंबलेल्या आहेत. नाकाला वाटच न मिळणे ही एक, आणि नाकाची वाट मिटवताच न येणे ही दुसरी. पहिलीत 'म'चा 'ब' होतो, दुसरीत 'ब'चा 'म' होतो. पहिली पडशाची, आठ दिवसांची. दुसरी, पुष्कळदा, टाळू दुभंगून जन्माला आलेल्या मुलाची. आपल्या बालकथांत भूत आणि हडळ बोलू लागले, की लेखक प्रत्येक अक्षरावर अनुस्वार देतो. मुले खिदळतात. माणूस नसलेल्याचे बोलणे कसे असावे, याची आपली कल्पना त्या टिंबांत आहे. नाटकांतून, नकलांतून असे बोलणारे पात्र आले की प्रेक्षक ते काय म्हणते हे ऐकण्याआधीच हसायला तयार असतात. मी हे प्रेक्षागृहातून पाहिले आहे, आणि शेजारच्या खुर्चीवर माझा धाकटा भाऊ बसलेला असतानाही पाहिले आहे.

तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. जन्मतःच त्याच्या टाळूला मागच्या बाजूस फट होती. ओठ शाबूत होता, त्यामुळे चेहऱ्यावर काहीच दिसत नसे. दूध नाकातून परत येई, तेव्हा आईच्या लक्षात आले. चौथ्या वर्षी शस्त्रक्रिया होऊन फट शिवली गेली. खाणेपिणे सुधारले. पण टाळूचा मऊ भाग आखूड राहिला. तो उचलला तरी घशाच्या भिंतीपर्यंत पोहोचत नसे. दार होते, पण उंबऱ्यापर्यंत येत नव्हते. त्यामुळे ज्या वर्णांना तोंडात हवा कोंडून धरावी लागते, ते सगळे वर्ण त्याच्या नाकावाटे निसटून जात. म, न, य, ल, व आणि सर्व स्वर एवढी त्याची वर्णमाला. 'बाबा' म्हणायला जावे तर 'मामा' होई. मला तो 'दादा' म्हणायचा प्रयत्न करी आणि 'नाना' म्हणे. आळीतल्या पोरांना वाटले माझे नावच नाना आहे. तीही मला नाना म्हणू लागली. मग त्यांच्या आया, मग दुकानदार. आज माझे केस पिकले आहेत आणि हे नाव मला शोभते. ते मला मिळाले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

आमच्या घरात पैठणीचा माग होता. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसत आणि धोट्याची टकटक सकाळपासून चाले. त्या आवाजावरून हाक पोहोचवायची तर शब्दाला धार लागते. भावाच्या शब्दाची धार नाकातून वाहून जाई. म्हणून तो हाक मारीत नसे. मागाच्या लाकडावर तो बोटांनी दोनदा वाजवी, आणि बाबा हात थांबवत. त्याला शीळ घालता येत नसे, फुगा फुगवता येत नसे, वाढदिवसाच्या दिवशी दिव्यावर फुंकर घालता येत नसे. अर्थात आमच्याकडे दिवा विझवण्याची पद्धत नव्हती. औक्षण होई, आणि त्यात फुंकरीचे काम नव्हते.

तो सात वर्षांचा होता, त्या संक्रांतीच्या आठवड्यात त्याला जबर पडसे झाले. दोन्ही नाकपुड्या बंद. तिसऱ्या दिवशी सकाळी तो अंथरुणातून उठून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "दादा, बला भूक लागली."

मी वही खाली ठेवली. चुलीपुढे बसलेल्या आईने मान वळवली. "काय म्हणालास? परत म्हण," ती म्हणाली. त्याने परत म्हटले. 'दादा'तले दोन्ही 'द' नाण्यासारखे वाजले. 'भूक'मधला 'भ' आला, 'क' आला. 'मला'तला 'म' तेवढा गेला होता, पण त्या सकाळी तो गेल्याचे कोणाच्याही लक्षात आले नाही. आईने त्याला हाताला धरून मागाजवळ नेले. "हाक मार," ती म्हणाली. त्याने लाकडावर बोटे वाजवली नाहीत. तो म्हणाला, "बाबा." धोटा मध्येच थांबला. बाबा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी त्याला जवळ ओढले आणि त्याच्याकडून 'पतंग', 'गूळ', 'टोपी' असे शब्द म्हणवून घेतले. संक्रांत होती, म्हणून 'तिळगूळ'ही म्हणवून घेतला. 'पतंग'मधला अनुस्वार विरला आणि 'पतग्ग' झाला, एवढेच.

आईला वाटले, शस्त्रक्रियेचा गुण उशिरा का होईना आला. तिने ग्रामदैवताला नारळ वाढवला. पाच-सहा दिवसांनी पडसे उतरू लागले, एक नाकपुडी मोकळी झाली, आणि त्याच्या शब्दांतली हवा पुन्हा निसटू लागली. आठव्या दिवशी मी पुन्हा नाना झालो. आई दिवसभर काही बोलली नाही. पुढच्या हिवाळ्यात त्याला सर्दी झाली, तेव्हा वाफेचे भांडे चुलीवर नेहमीपेक्षा उशिरा चढले, असे मला वाटले. मी तिला तसे कधी विचारले नाही.

त्याचे कारण आम्हांला मुंबईला समजले. तिथल्या एका मोठ्या रुग्णालयात वाचोपचार करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी भावाच्या नाकाखाली लहानसा आरसा धरला आणि त्याला 'पापा' म्हणायला सांगितले. आरसा धुरकटला. मग त्यांनी दोन बोटांनी त्याचे नाक चिमटीत धरले आणि पुन्हा म्हणायला सांगितले. 'पापा' स्वच्छ आला. पडशाने जे केले होते, ते त्यांच्या चिमटीने केले. मागचे दार मिटत नाही, म्हणून पुढचे बंद केले, की हवेला तोंडाखेरीज वाट उरत नाही. बाबांनी भाबडेपणाने विचारले, "मग नाकच बंद ठेवलं तर चालणार नाही का, बाई?" त्या हसल्या नाहीत. त्यांनी त्याला नाक धरूनच 'पाणी' म्हणायला सांगितले. तो 'पाडी' म्हणाला. मग नाक सोडून म्हणायला सांगितले. 'ण' आला, 'प' गेला. त्या बाबांना म्हणाल्या, त्याला दोन्ही पाहिजेत, आणि दोन्हींसाठी दार उघडताही यायला हवे आणि मिटताही यायला हवे.

घशाच्या मागच्या भिंतीचा एक पट्टा मोकळा करून टाळूला जोडण्याची शस्त्रक्रिया असते. ती त्याच्या अकराव्या वर्षी झाली. तिच्यासाठी बाबांनी एक तयार पैठणी पडत्या भावात विकली. शस्त्रक्रियेने दार अरुंद झाले. ते वापरायला मात्र त्याला शिकावे लागले. दोन वर्षे तो रोज संध्याकाळी आरसा घेऊन बसे आणि एकेक ओळ म्हणे : प, फ, ब, भ. चार अक्षरांपर्यंत आरसा स्वच्छ ठेवायचा, पाचव्याला धुरकटू द्यायचा. शाळेत ज्या पाढ्याची आम्ही खिचडी करीत असू, तो त्याने एकेका वर्णाच्या श्वासासकट पाठ केला. मी पुढे महाविद्यालयात ध्वनिविचार शिकलो, तेव्हा त्यातला अनुनासिकांचा भाग मला नव्याने वाचावा लागला नाही.

त्याचे बोलणे सुधारले, पुरते नव्हे. दिवसभर बोलून थकला, की संध्याकाळी हवा निसटू लागते आणि 'ब' पुन्हा 'म'कडे झुकतो. 'बाबा' हा शब्द मात्र पक्का झाला. मागाच्या टकटकीतून तो ऐकू जाऊ लागला. तरी बोटांनी लाकूड वाजवण्याची सवय राहिली, आणि बाबांनाही तीच आवडे. मला दादा म्हणणे आता त्याला कठीण नाही. तो नानाच म्हणतो.

पुढे तो बाबांच्या मागावर बसला. त्याला मुलगी झाली, तेव्हा बारशाच्या आदल्या दिवशी गुरुजींनी पत्रिका पाहून 'प' हे अक्षर सांगितले. घरातल्या बायकांनी पाच-सहा सुरेख नावे काढली. भाऊ ऐकत होता. तो म्हणाला, "मला रस्त्याच्या पलीकडून हाक मारता आली पाहिजे. दमलेलो असतानाही." मग त्याने स्वतःच एक नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात य, म आणि न एवढी तीनच व्यंजने आहेत. पाळण्यात तेच नाव ठेवले गेले. त्याच्या तोंडी ते नाव लख्ख येते. आमच्या घरात इतके सुंदर ते दुसऱ्या कोणालाही म्हणता येत नाही.

ती तीन वर्षांची असताना तिला पडसे झाले. पाहुण्यांनी नाव विचारले, आणि तिने 'म'चा 'ब' आणि 'न'चा 'द' करून ते सांगितले. पाहुणे हसले. ती गोंधळून बापाकडे धावली. त्याने तिला मांडीवर घेतले, तिचे नाक पदराने पुसावे तसे उपरण्याने पुसले, आणि म्हणाला, "असं म्हण बघू." मग त्याने ओठ मिटून, नाकातून सावकाश हवा सोडत, तिला 'म' म्हणून दाखवला.